खालचा कातळ आणि वरचे आकडे

डांबरी रस्त्याची ताकद मोजायला आम्ही जे यंत्र नेतो त्याचं पूर्ण नाव फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर. साइटवर सगळे एफडब्ल्यूडी म्हणतात, आणि गावातली पोरं 'आदळणारी गाडी'. काम सरळ आहे. ३०० मिलिमीटर व्यासाची थाळी रस्त्यावर टेकते, वरून वजन पडतं आणि रस्त्याला सुमारे ४० किलोन्यूटनचा दणका बसतो. भरलेल्या ट्रकच्या ८० किलोन्यूटन ॲक्सलची एक बाजू जेवढी दाबते, तेवढाच. दणका टिकतो पंचवीस-तीस मिलिसेकंद. तेवढ्यात थाळीखालचा एक आणि पुढे १.८ मीटरपर्यंत ओळीने ठेवलेले सहा, असे सात जिओफोन रस्ता कुठे किती मायक्रॉन दबला ते टिपतात. त्या सात आकड्यांवरून डांबर, खडी आणि माती या थरांचा ताठपणा, म्हणजे मॉड्युलस, उलट गणिताने काढायचा, आणि त्यावरून वर किती जाडीचा नवा थर टाकायचा ते ठरवायचं.

यंत्राला मात्र डांबर, खडी, मुरूम असा भेद कळत नाही. सगळं मिळून किती दबलं, एवढंच त्याला कळतं. महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागात रस्त्याखाली दख्खनच्या लाव्हाचा कातळ आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कुठे हातभर खोल, कुठे दहा मीटर, आणि शंभर पावलांत हे बदलतं. मोजमापात तोही वाटेकरी असतो. बिलात त्याचं नाव नसतं, म्हणून त्याची दखल घ्यायची राहून जाते. या कामात जे पदरी पडलं ते खाली क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाप्रमाणे लावलेला नाही.

१. लांबचा जिओफोन रस्त्याबद्दल बोलत नाही

थाळीखालचा जिओफोन सगळ्या थरांची बेरीज सांगतो. लांबचे जिओफोन फक्त खोलातलं सांगतात, कारण तिथपर्यंत भार पसरतो तो खालून. जमीन खाली एकजात आणि अनंत खोल असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर डिफ्लेक्शन, म्हणजे रस्त्याचं दबणं, निम्मं होतं. बुसिनेस्क या फ्रेंच गणितज्ञाने १८८५ साली हे मांडलं आणि आजही पहिली चाचपणी यावरच होते. अंतर आणि डिफ्लेक्शन यांचा गुणाकार साधारण कायम राहिला, तर खाली माती बरीच खोलवर आहे.

कागदावर दोन ठिकाणं घेऊ. पहिलं खोल काळ्या मातीतलं. ९००, १२००, १५०० आणि १८०० मिलिमीटरवर डिफ्लेक्शन १५०, ११२, ८९ आणि ७४ मायक्रॉन. गुणाकार करून पाहा, जवळपास सारखाच येतो. कोणत्याही अंतरावरून मातीचा मॉड्युलस काढला तरी ८० मेगापास्कलच्या आसपासच बसतो. आता दुसरं ठिकाण, जिथे दीड-दोन मीटरवर कातळ आहे. त्याच अंतरांवर आकडे ४८, २२, ९ आणि ४. पहिल्यावरून मॉड्युलस येतो २५० च्या आसपास, शेवटच्यावरून जवळजवळ १५००. पंधराशे मेगापास्कलची माती जगात कुठे नसते. ४ मायक्रॉनचा अर्थ, खालून दबायला काही शिल्लकच नव्हतं.

शिवाय जिओफोनची स्वतःची चूक दोन मायक्रॉनपर्यंत असू शकते. १५० मध्ये दोन इकडेतिकडे झाले तर कोण विचारतो? पण ४ मध्ये दोन म्हणजे निम्मी चूक. तरीही हा आकडा दशांश चिन्हासकट अहवालात छापलेला मी पाहिला आहे.

कातळाच्या खोलीचा अंदाज याच आकड्यांतून येतो. आडव्या अक्षावर अंतराचा व्यस्त घ्या, उभ्यावर डिफ्लेक्शन. बिंदू जोडून रेषा खाली वाढवा आणि ती शून्याला कुठे टेकते ते पाहा. दुसऱ्या ठिकाणच्या पहिल्या दोन बिंदूंची रेषा सुमारे १.७ मीटरला टेकते. पहिल्या ठिकाणची जवळजवळ मूळबिंदूतून जाते, म्हणजे खाली कातळ लागत नाही, निदान आपल्या कामापुरता. टेक्सासमध्ये रोड आणि स्कलियन या दोघांनी १९९० च्या सुमारास ही रीत सॉफ्टवेअरमध्ये बसवली. रेषा टेकली तीच खोली असं मात्र नाही. पुढे बेसिनच्या, म्हणजे सात डिफ्लेक्शन जोडून दिसणाऱ्या खोलगट वक्राच्या, आकारावरून दुरुस्ती करावी लागते. पण साइटवर उभं राहून 'इथे काहीतरी आहे' एवढं कळायला वहीच्या पानावरची ही रेषा पुरते.

२. कमी डिफ्लेक्शन म्हणजे चांगला रस्ता नव्हे

कातळावर चार बोटं डांबर पसरलं तरी डिफ्लेक्शन कमीच येणार. डांबर भेगाळलेलं असेल, खडीला चिकटलेलं नसेल, तरी आकडा देखणाच. ही गफलत बेंकेलमन बीमच्या काळापासूनची आहे. तो बीम अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या मलाड गावाजवळ झालेल्या वॉशो रोड टेस्टमध्ये १९५० च्या दशकात वापरात आला. (आपल्या मलाडचा संबंध नाही. नव्या पोरांना दर वेळी सांगावं लागतं.) बीमला एकच आकडा मिळायचा, ट्रक पुढे गेल्यावर रस्ता किती वर उसळला तेवढा. त्या एका आकड्यातून कातळ आणि चांगलं बांधकाम वेगळं करायची सोयच नव्हती. एफडब्ल्यूडीत सात आकडे असतात, सोय आहे. पण बरेच जण अजूनही पहिलाच आकडा वाचून मान डोलावतात.

३. सॉफ्टवेअरला जमीन अनंत वाटते

भारतात या कामाला इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ११५ हे २०१४ चं मार्गदर्शक आहे, आणि त्याच्या जोडीला आयआयटी खरगपूरचं केजीपीबॅक. हा प्रोग्रॅम आपण दिलेल्या किमान-कमाल मर्यादांच्या आत उत्तर शोधतो. वर डांबर, मध्ये खडी, खाली माती, आणि ती माती पाताळापर्यंत, अशी मांडणी आपण दिली की तो ती मुकाट्याने मान्य करतो.

अशा मांडणीत खरा कातळ वर असला की काय होतं? लांबचे आकडे लहान आहेत, म्हणून प्रोग्रॅम माती भलतीच ताठ ठरवतो. पण माती एवढी ताठ धरली तर मधले आकडे जुळत नाहीत, म्हणून तो खडीचा थर मऊ करतो. खडी मऊ झाली की थाळीजवळचा आकडा बिघडतो, तो सावरायला डांबर ताठ करतो. हाती येतं ते असं: डांबर अप्रतिम, खडी निकामी, माती दगडासारखी. कोअर काढला तर डांबर हातात चुरतं आणि खड्डा घेतला तर खडी घट्ट बसलेली असते. खडीपेक्षा माती ताठ अशी ओळ तक्त्यात दिसली की मी आधी नकाशा उघडतो.

मर्यादांनी आणखी एक घोळ होतो. मातीची प्रचलित मर्यादा २० ते १०० मेगापास्कल. कातळाच्या पट्ट्यात उत्तर शंभरला जाऊन चिकटतं. एकामागून एक दहा ठिकाणी बरोबर शंभर. असा तक्ता पाहून 'सबग्रेड एकसारखा व उत्तम' असं लिहिणारे आहेत. शंभर हा तिथे मातीचा गुण नाही, आपणच घातलेलं कुंपण आहे.

गंगेच्या मैदानात हे फारसं बाधत नाही, कारण तिथे खाली गाळ इतका खोल आहे की अनंत धरला तरी चालतो. अडचण येते ती तिकडची फाइल जशीच्या तशी उघडून विदर्भातले किंवा पुणे-सातारा भागातले आकडे तिच्यात भरले की. एका सल्लागार कंपनीच्या अहवालात प्रकल्पाचं नाव बदललेलं होतं, मांडणी बदललेली नव्हती. विचारलं तर उत्तर आलं, "सर, हेच सेटिंग मागच्या कामात पास झालं होतं."

उपाय म्हणून खाली एक जास्तीचा ताठ थर घालता येतो. अमेरिकेत एव्हरकॅल्कसारख्या प्रोग्रॅममध्ये कातळासाठी साधारण ७००० मेगापास्कल धरायची पद्धत आहे, आणि पाण्याची पातळी वर आल्याने जमीन ताठ भासत असेल तर ३५० च्या आसपास. पण जपून. एक थर वाढवला की जुळणी सुधारतेच, कारण फिरवायला आणखी एक कळ मिळते. चूक आठ टक्क्यांवरून दोनवर आली म्हणून तिथे खरंच कातळ आहे असं ठरत नाही. कातळ आहे हे जमिनीकडून कळायला हवं. सॉफ्टवेअरच्या खुशीवर ते ठरवू नये.

४. रस्त्यालगतची विहीर वाचा

माझ्या लेखी हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. बोअर मारायला पैसे लागतात, परवानगी लागते, वाहतूक अडवावी लागते. विहीर मात्र रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आयती खोदलेली असते, आणि तिच्या भिंतीवर सगळे थर उघडे असतात. वर काळी, मग पांढुरका किंवा पिवळसर मऊ मुरूम, मग कठीण मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि शेवटी काळा पाषाण. बांधीव विहीर असली तरी बांधकाम बहुधा मऊ थरापुरतंच असतं. जिथे ते थांबतं तिथे खडक लागला, हे न विचारताही कळतं.

मालक भेटला तर आणखी बरं. जालन्याच्या बाजूला एका वाडीजवळ आमची गाडी आदळत होती, तेव्हा बांधावरून एक म्हातारे बराच वेळ बघत उभे होते. जवळ गेलो, रामराम केला.

"आबा, ही विहीर तुमचीच का?"

"बापानं पाडलेली. मी सुरुंगाला होतो."

"पाषाण किती खोलीवर लागला?"

"हिकडच्या अंगाला परसभर बी नाही. त्या अंगाला दोन परस नुसता मुरूम. साहेब, खडक सपाट नसतोय, पाठ असल्यागत उतरतोय." त्यांनी तळहात उताणा करून तिरपा धरला आणि उतार कुठल्या दिशेला जातो ते रस्त्याकडे बोट करून दाखवलं.

परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची, ढोबळ मानाने दोन मीटर. रस्त्याच्या एका बाजूला दोन मीटरच्या आत कातळ, दुसऱ्या बाजूला चार मीटरपर्यंत मुरूम. दोन्ही लेनचे बेसिन वेगळे का येत होते ते तिथे कळलं. पुढे ऑगरने दोन्हीकडे छिद्रं घेतली ती आबांचं म्हणणं तपासायला, आणि छिद्रं कुठे घ्यायची तेही त्यांच्या बोटावरूनच ठरलं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत, त्यांच्या नोंदींचाही उपयोग होतो, विशेषतः पाण्याच्या पातळीसाठी. कामावर निघण्यापूर्वी रस्त्याच्या चेनेजसमोर, म्हणजे सुरुवातीपासूनच्या अंतरासमोर, जवळच्या विहिरी मांडलेला एक कागद सोबत असला की साइटवरचे निम्मे वाद मिटतात.

५. गुंडा लागला म्हणजे कातळ लागला असं नाही

आपला बेसॉल्ट कुजतो तो कडेकडेने. भेगांतून पाणी आत जातं, कडा झिजतात, आणि मधला गाभा गोल गुंडा होऊन मुरमात राहतो. डीसीपीची सळई, म्हणजे आठ किलोच्या हातोड्याने ठोकायचा टोकदार दांडा, अशा गुंड्यावर अडकली की 'रिफ्युजल, कातळ' अशी नोंद होते. हातभर बाजूला ठोकली तर सरळ आत जाते. म्हणून एका छिद्रावर विश्वास ठेवू नये. निदान तीन घ्यावीत, तीही एका रेषेत नकोत.

उलटही होतं. धुळे-नंदुरबार भागात डाइकच्या रांगा पूर्व-पश्चिम पसरल्या आहेत. जुन्या भेगांत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या या उभ्या भिंती. उत्तर-दक्षिण रस्ता त्यांना ओलांडतो तेव्हा दोन-तीन ठिकाणी डिफ्लेक्शन एकदम खाली येतं आणि पुन्हा पूर्ववत होतं. यंत्र बिघडलं म्हणून ते आकडे खोडून टाकण्याआधी मान वर करून शेतात बघावं. डाइक बहुधा दगडांची लांब रांग होऊन दोन्ही बाजूंना दिसत असते.

६. मऊ पडणारी माती आणि कातळ सारखेच दिसतात

पहिल्या मुद्द्यातली लांबच्या जिओफोनची चाचणी फसू शकते. चिकणमाती जास्त दाबाखाली मऊ पडते. थाळीच्या जवळ दाब जास्त म्हणून माती मऊ, लांब दाब कमी म्हणून ताठ. तक्त्यात मॉड्युलस अंतराबरोबर वाढत जातो, अगदी खाली कातळ असल्यासारखा. खोल काळ्या मातीत अशी फसगत होते. जमिनीत पाणी वर आलेलं असेल तरी आकृती तशीच.

ओळखायचं कसं? एकाच ठिकाणी वेगवेगळ्या वजनाचे दणके द्यायचे. भार दीडपट केल्यावर डिफ्लेक्शन दीडपटीहून जास्त वाढलं, तर माती मऊ पडते आहे. भाराच्या प्रमाणातच वाढलं आणि तरी बेसिनचं टोक लवकर तुटलं, तर संशय कातळावर. याला पाच मिनिटं जास्त लागतात. वाहतूक अडवलेली असते, मागे भोंगे वाजतात, आणि नेमकी हीच पाच मिनिटं वाचवली जातात.

७. दणक्याचा प्रतिध्वनी

इथे थोडं गणित येतं, पण टाळता येत नाही. आपण भार शांतपणे ठेवत नाही, आदळतो. त्या आदळण्याची लाट खाली जाते, कातळावर आपटते आणि परत येते. मऊ थर कातळावर बसलेला असला की त्याची स्वतःची डोलण्याची लय असते. कडक तळावर दोन मीटर जाडीचा मातीचा थर घ्या, त्यातून लाट सेकंदाला २०० मीटर वेगाने जाते असं धरा. त्याच्या एका डोलण्याला सुमारे ४० मिलिसेकंद लागतात. थर दहा मीटरचा असेल तर २००. आपला दणका पंचवीस-तीस मिलिसेकंदांचा, म्हणजे उथळ कातळाच्या लयीच्या अगदी जवळचा. पाळण्याला त्याच्या झोक्याच्या बेताने ढकललं की तो जास्त वर जातो, तसंच इथे होतं. नेहमीच्या वापरातलं सॉफ्टवेअर मात्र भार स्थिर ठेवला आहे असं समजून चालतं.

तेव्हा फक्त कमाल आकडे साठवू नका. प्रत्येक जिओफोनचा पूर्ण वेळ-आलेख साठवा. दणका संपल्यावर रेषा शांत झाली की हेलकावे खात राहिली ते त्यात दिसतं. हेलकावे असतील तर त्यांच्या कालावधीवरूनही कातळाची खोली काढता येते. तशी सूत्रं उपलब्ध आहेत. मशीनमध्ये हा पर्याय असतो, पण फाइल मोठी होते म्हणून ऑपरेटर तो बंद ठेवतो. निघण्यापूर्वी स्वतः जाऊन बघावं. माझा हा हट्ट ऑपरेटर मंडळींत प्रसिद्ध आहे.

८. घाटात डावी-उजवी वेगळी ठेवा

घाटरस्ता म्हणजे अर्धा डोंगर कापून आणि अर्धा दरीकडे भराव घालून केलेला रस्ता. डोंगराकडची लेन कातळावर, दरीकडची भरावावर. खर्च वाचवायला चाचणीचे बिंदू एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे घेतले आणि सगळ्यांचा एकच गट केला, की जो रस्ता तयार होतो तो अस्तित्वातच नसतो. घाटात मी दोन्ही लेन स्वतंत्र रस्ते समजूनच मोजतो. दोन्हींच्या सांध्यावर मध्यरेषेजवळ लांबलचक भेग दिसली, तर ती तिथे का आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

९. कातळ पाणी अडवतो

सगळ्यात जास्त नुकसान यामुळे होताना पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर.

कातळ कापून रस्ता नेला की तळ कधीच सपाट निघत नाही. सुरुंगाने खळगे पडतात. त्यावर मुरूम, जीएसबी (खडीखालचा दाणेदार थर), खडी टाकून वर डांबर केलं की ते खळगे दिसेनासे होतात, पण जातात कुठे? पावसाचं पाणी भेगांतून आणि साइडपट्टीतून आत शिरतं, कातळावर थांबतं, आणि गटार रस्त्याच्या थरांपेक्षा वर असेल तर त्याला बाहेर पडायला वाट नसते. वरून ट्रक जातात, पाणी दाबलं जातं, डांबर खडीला सोडतं. अशा ठिकाणी एप्रिलमध्ये चाचणी घेतली तर सगळं कोरडं आणि आकडे उत्तम. सप्टेंबरमध्ये तिथेच खड्डे.

घाटात आणखी एक गोष्ट. लाव्हाच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा लाल गेरूसारख्या मातीचा पट्टा असतो. त्यातून पाणी सहज झिरपत नाही. वरच्या खडकाच्या भेगांतून उतरलेलं पाणी त्यावर अडतं आणि कड्यावरून आडवं बाहेर येतं. पावसाळ्यात कड्याच्या एकाच उंचीवर ओळीने झरे दिसतात ते याच पट्ट्याचे. रस्ता बरोबर त्या उंचीवर असेल तर खालून वर्षातले काही महिने पाणी लागत राहतं. त्याला जाडी वाढवून उत्तर नाही. डोंगराकडच्या कडेला खोल गटार आणि रस्त्याखाली पाणी काढणारा थर हाच इलाज.

चाचणी पावसाळा संपता संपता घ्यावी असं आपली मार्गदर्शकं सांगतात ते यासाठीच. पण बजेट मार्चमध्ये संपवायचं असतं, आणि त्यामुळे यंत्र रस्त्यावर येतं ते उन्हाळ्यात. ऋतूची दुरुस्ती करायला सूत्र आहे, पण ते मातीतल्या ओलाव्यासाठी. कातळावर साचलेल्या डबक्यासाठी कोणतंच सूत्र नाही. तिथे पावसाळ्यात पुन्हा जावं लागतं, निदान डोळ्यांनी पाहायला.

१०. जांभ्याला कातळ समजू नका

कोकणातल्या सड्यांवर जांभा वर कडक आणि खाली मऊ, चिकणमातीसारखा असतो. दख्खनच्या नेमका उलट. खाली ताठ थर घालायची सवय लागलेला माणूस इथे हमखास चुकीचा थर घालतो. बेसिन उथळ असतं, पण रुंद पसरतं. लांबचे आकडे अपेक्षेपेक्षा मोठे येतात. ते पाहूनच थांबावं.

११. अहवालात कातळाचा रकाना हवा

आयआरसी ११५ प्रमाणे एका सारख्या पट्ट्यातल्या मॉड्युलसचं १५ वं पर्सेंटाइल डिझाइनला घेतात, म्हणजे पट्ट्यातली कमजोर बाजू धरून चालायचं. तत्त्व चांगलं आहे, पण पट्टा खरोखर सारखा असला तरच. पाच किलोमीटरमध्ये दोन किलोमीटर उथळ कातळ आणि तीन किलोमीटर काळी माती असेल आणि आपण एकच पट्टा धरला, तर पंधरावं पर्सेंटाइल काळ्या मातीतून येतं आणि कातळावरही तेवढाच जाड थर टाकला जातो. हे महाग पडतं, पण निदान धोक्याचं नाही. धोका उलट्या बाजूने आहे. पट्ट्यात कातळ जास्त आणि काळी माती पंधरा टक्क्यांहून कमी असेल, तर तो कमजोर तुकडा पर्सेंटाइलच्या खाली लपतो. डिझाइन कातळाचं होतं आणि दोन पावसाळ्यांत नेमका तोच तुकडा बसतो. मग ठेकेदार डांबराला दोष देतो, खातं ठेकेदाराला.

म्हणून माझ्या तक्त्यात चेनेज, भार, तापमान आणि सात डिफ्लेक्शन यांच्यापुढे आणखी तीन रकाने असतात. कातळाची अंदाजी खोली, ती कशावरून काढली (रेषेवरून, छिद्रावरून की विहिरीवरून), आणि ठिकाण कापणीत आहे की भरावात. पट्टे पाडायचे ते आधी या तीन रकान्यांवर, डिफ्लेक्शनवर नंतर. कार्यालयात बसलेल्या साहेबांना सुरुवातीला हे जास्तीचं वाटतं. "जीएसबीची जाडी आहे ना, पुरे झालं की," असं एकदा ऐकून घेतलं. पुढच्याच बैठकीत त्यांनीच विचारलं, या दोनशे मीटरमध्ये काय आहे म्हणून. रकान्यात उत्तर होतं: कापणी, कातळ सुमारे एक मीटरवर, डावीकडे गटार नाही. त्या तुकड्यात नवा थर न टाकता आधी गटार करायचं ठरलं आणि त्याचं अंदाजपत्रक वेगळं गेलं.

हे रकाने भरायला प्रत्येक ठिकाणी नवं छिद्र लागतं असंही नाही. साधारण सारख्या दिसणाऱ्या पट्ट्यात एक खड्डा, दोन-तीन छिद्रं आणि आसपासच्या विहिरी एवढ्यावर भागतं. बाकीच्या बिंदूंना रेषेवरून काढलेली खोली लिहायची आणि ती अंदाजी आहे हे तिथेच नमूद करायचं. पुढे कोणी तो रस्ता पुन्हा मोजायला आला, तर त्याला निदान कुठे खणायचं ते कळतं.